लाट किती मीटरची ते नंतर, भाऊ किती उंचीवर आहे ते आधी

उमरखेडकडच्या एका भाऊंनी विचारलं आहे. त्यांचा धाकटा भाऊ जपानच्या इवाते प्रांतात, समुद्रकाठच्या कारखान्यात कामाला आहे. ३० जुलै २०२५ ला रशियाच्या कामचटकाजवळ भूकंप झाला, तेव्हा टीव्हीवर आधी ८.० सांगितलं, मग ८.७, मग ८.८. लाट आधी एक मीटरची म्हणाले, मग तीन मीटरची, आणि शेवटी आली ती सव्वा मीटरची. दिवसभर फोन लागला नाही आणि माय जेवली नाही. त्यातच गावच्या ग्रुपवर ‘आता आपल्याकडेही मोठा होणार, इसापूरचं धरण फुटणार’ असे मेसेज सुरू झाले. हिंगोलीच्या भूकंपाने २०२४ मध्ये त्यांचं घर दोनदा हललं होतं, त्यामुळे लोकांनी ते खरं धरलं. त्यांचा प्रश्न असा: यात खोटं कोण बोलत होतं, पुढच्या वेळी कोणाचं ऐकायचं, आणि आमच्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घराचं काय करायचं?

भाऊ, हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. गडबड होते ती एका प्रश्नाचा आकडा दुसऱ्याच्या उत्तरात घातल्यामुळे. मी भूकंपाच्या नोंदी, गावातली जुनी घरं आणि आपत्तीचं प्रशिक्षण यांत काम करतो. तिथे दरवेळी हेच दिसतं. एक आकडा जमिनीखाली किती शक्ती सुटली ते सांगतो, दुसरा एखाद्या गावात किती हाललं ते सांगतो, आणि तिसरा समुद्राची पातळी किती वाढेल याचा अंदाज देतो. टीव्हीवर तिन्ही एकाच लाल पट्टीत धावतात.

टीव्हीवरच्या आकड्यांत खोटं कोणीच बोलत नव्हतं. मोठ्या भूकंपाचा पहिला आकडा कमी निघतो आणि त्याला कारण आहे. भूकंप एका ठिपक्यावर होत नाही, खडकाची भेग लांबच लांब फाटत जाते. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ ही फाट बाराशे किलोमीटरहून लांब गेली आणि पूर्ण फाटायला आठ-दहा मिनिटं लागली. पण समुद्रकाठच्या माणसाला पळायला वेळ हवा, म्हणून जपानचा हवामान विभाग पहिला इशारा सुमारे तीन मिनिटांत देतो. म्हणजे मोठ्या भूकंपात फाट पुरती व्हायच्या आधी किंवा नुकती होताच हिशोब मांडावा लागतो. ११ मार्च २०११ ला जपानने पहिल्यांदा ७.९ सांगितलं होतं, खरी तीव्रता ९.० होती. त्या कमी आकड्यावरून मियागी किनाऱ्याला ६ मीटर आणि इवातेला ३ मीटर लाटेचा अंदाज दिला गेला. पुढे तो १० मीटरच्या वर नेला, पण तोवर बऱ्याच भागात वीज गेली होती आणि सुधारलेला इशारा अनेकांपर्यंत पोचलाच नाही. त्या आपत्तीत मृत आणि बेपत्ता मिळून अठरा हजारांवर माणसं गेली.

यातून जपानने पद्धत बदलली. आता आठच्या आसपासचा किंवा त्याहून मोठा भूकंप आहे अशी शंका आली आणि आकडा पक्का नसला, तर सुरुवातीला मीटर न सांगता ‘प्रचंड’ असा शब्द वापरतात आणि थेट उंचावर जा म्हणतात. तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात आकडा वाढत गेला तर लपवाछपवी चालली आहे असं समजू नका. आकडा वाढतो आहे याचा अर्थ मोजणारे जागेवर आहेत. उलट कोणी पहिल्याच मिनिटाला दशांशासकट ठाम आकडा देऊन पुढे बदलतच नसेल, तर तिथे शंका घ्या.

तीव्रतेच्या आकड्याबद्दल एक हिशोब डोक्यात ठेवा. एक अंक वाढला की सुटणारी शक्ती साधारण ३२ पट होते. हिंगोलीचा २०२४ मधला भूकंप ४.५ चा, किल्लारीचा ६.२ चा आणि कामचटकाचा ८.८ चा. किल्लारी हिंगोलीच्या साडेतीनशे पट, आणि कामचटका किल्लारीच्या सुमारे आठ हजार पट. आता दुसरी बाजू बघा. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि कामचटकाला जीवितहानी जवळपास झालीच नाही. तिथे भूकंप समुद्राखाली झाला, वस्ती विरळ होती, इशारा वेळेत मिळाला. किल्लारीला भूकंप पायाखाली झाला, लोक झोपेत होते, आणि वर फूट-दोन फूट मातीचं छत होतं. म्हणून टीव्हीवर आकडा दिसला की ‘बापरे, आठ!’ म्हणून थांबू नका. कुठे झाला, समुद्राखाली की जमिनीखाली, किती खोल, आणि त्यावर कशा प्रकारची घरं आहेत, हे पाहा.

खोलीबद्दल जाता जाता. बातमीत ‘खोली १० किलोमीटर’ वारंवार दिसेल. पुष्कळदा ती मोजलेली नसते. नोंदी अपुऱ्या असल्या की उथळ भूकंपाला गृहीत म्हणून १० लिहिण्याची पद्धत आहे. केंद्रबिंदूतही काही किलोमीटरची चूक असते, त्यामुळे ‘आमच्याच गावाखाली झाला’ आणि ‘शेजारच्या गावाखाली झाला’ या वादात अर्थ नाही.

समुद्राखाली मोठा भूकंप झाला म्हणजे सुनामी येईलच असंही नाही. समुद्राचा तळ वर-खाली उचलला गेला तरच पाणी ढकललं जातं. ११ एप्रिल २०१२ ला सुमात्राच्या पश्चिमेला ८.६ चा भूकंप झाला. आपल्या पूर्व किनाऱ्यावर इशारे वाजले, पण तिथे जमीन आडवी सरकली होती, म्हणून लाट किरकोळ आली. २८ मार्च २०२५ चा म्यानमारचा ७.७ चा भूकंप तर जमिनीवरचा, तिथे सुनामीचा प्रश्नच नव्हता. तरीही ग्रुपवर सुनामीचे व्हिडिओ फिरलेच.

आता लाटेचं. तुमच्या मनात सर्वांत जास्त सलणारी गोष्ट म्हणजे ‘तीन मीटर म्हणाले आणि सव्वा आली’. तीन मीटर ही वरची मर्यादा असते. जपानच्या इशाऱ्याच्या तीन पायऱ्या आहेत: एक मीटरपर्यंत सूचना, एक ते तीन मीटर इशारा, तीनच्या वर मोठा इशारा. त्या दिवशी आधी सूचना होती. तीव्रतेचा आकडा वाढल्यावर सुमारे तासाभराने ती इशाऱ्यावर नेली, म्हणून टीव्हीवर एकाचे तीन झाले. सव्वा मीटर आली म्हणजे अंदाज त्या पायरीतच बसला.

आणि सव्वा मीटर म्हणजे कमरेएवढं पाणी असं चित्र डोळ्यासमोर आणू नका. नेहमीच्या लाटेचा फक्त माथा येतो आणि फुटतो. सुनामीत मागचा सगळा समुद्र आत येतो आणि मिनिटंच्या मिनिटं येतच राहतो. पैनगंगेला पूर आल्यावर गुडघाभर वाहत्या पाण्यात पुलावरून जाताना पाय टिकत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. यात भर म्हणून तरंगणारी लाकडं, गाड्या आणि जाळी असतात.

त्या दिवशीची वेळ बघण्यासारखी आहे. भूकंप आपल्या घड्याळात पहाटे ४.५४ ला झाला, जपानमध्ये सकाळचे ८.२४ होते. पहिल्या लाटा तिथे दोनेक तासांनी होक्काइदोला लागल्या आणि त्या ३०-४० सेंटीमीटरच्या होत्या. इवातेतल्या कुजी बंदरात १.३ मीटरची लाट मोजली गेली ती दुपारी दोनच्या सुमारास, म्हणजे भूकंपानंतर साडेपाच तासांनी. पहिली लाट लहान आली म्हणून जो खाली उतरला असता तो मोठ्या लाटेत सापडला असता. सूचना पूर्ण उठली ती दुसऱ्या दिवशी दुपारनंतर. म्हणून ‘लाट येऊन गेली, संपलं’ ही बातमी कोणत्याही चॅनेलने दिली तरी मानायची नाही. सरकारी इशारा उठला की संपलं.

लाट किती वेळात पोचेल हे साधारण काढता येतं. चार किलोमीटर खोल समुद्रात सुनामी ताशी ७०० किलोमीटरने धावते, ५० मीटर खोलीवर ताशी ८० वर येते, आणि वेग कमी होताना उंची वाढते. २००४ ला सुमात्राजवळ आपल्या घड्याळात सकाळी साडेसहाला भूकंप झाला आणि चेन्नई-नागपट्टिणमला पाणी सुमारे अडीच तासांनी शिरलं. ते अडीच तास कोणी कोणाला कळवलं नाही, कारण तेव्हा हिंदी महासागरात इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. ती २००७ मध्ये हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेत सुरू झाली. पण केंद्र किनाऱ्याजवळ असेल तर हा हिशोब कामाचा नाही. २०११ ला इवातेच्या काही भागांना अर्ध्या तासाच्या आसपासच वेळ मिळाला. तिथे जमीन मिनिटभर हलली हाच इशारा, सायरनची वाट बघायची नाही.

बातमी पाहायचा क्रम मी असा सांगतो. तुमचं माणूस परदेशात असेल तर आधी त्या देशाची अधिकृत यंत्रणा. जपानसाठी तिथला हवामान विभाग आणि एनएचके वर्ल्ड हे तिथलं सार्वजनिक चॅनेल. एनएचके इंग्रजीत आहे, पण नकाशा पाहायला इंग्रजी लागत नाही: जांभळा म्हणजे मोठा इशारा, लाल म्हणजे इशारा, पिवळा म्हणजे सूचना. भारताच्या किनाऱ्यावर कोणी असेल तर इन्कॉइस. कामचटकाच्या दिवशी ‘भारताला धोका नाही’ हे इन्कॉइसने सांगितलं होतं, पण ती ओळ आपल्या ग्रुपांवर पोचली नाही. आपल्या जमिनीवरच्या भूकंपासाठी दिल्लीचं राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र, त्यांचं ‘भूकंप’ नावाचं अॅप आहे. जमीन हलली आणि थोड्या वेळाने नोंद तिथे दिसली, तर भूकंप होता. लहान धक्क्याची नोंद कधी येतही नाही, ते वेगळं. वणी-चंद्रपूरच्या खाणपट्ट्यात तर स्फोटाला भूकंप म्हणण्याची सवयच आहे. एकच छोटा दणका, दिवसा, रोज ठरलेल्या सुमारास आला तर तो बहुधा खाणीचा असतो.

आपल्या मराठी चॅनेलवर एक चूक हमखास होते. जपानमध्ये शक्तीच्या आकड्याबरोबर प्रत्येक गावात किती हाललं त्याचा वेगळा आकडा देतात, त्याला शिंदो म्हणतात, आणि तो ० ते ७ असतो. शिंदो ७ म्हणजे माणूस उभाच राहू शकत नाही. चॅनेलवाले शिंदो ५ ला ‘५ तीव्रतेचा भूकंप’ म्हणून सांगतात आणि ऐकणारा म्हणतो, हिंगोलीसारखाच की. किंवा उलट, ८.८ ऐकून वाटतं की भावाच्या गावात सगळं कोसळलं असणार. कामचटका जपानपासून इतकं दूर आहे की उत्तर जपानमध्येही जमीन जेमतेम हलली. त्या दिवशी तुमच्या भावाला धोका होता तो फक्त पाण्याचा, इमारतीचा नव्हे. हे एवढं कळलं असतं तर मायच्या जिवाची अर्धी घालमेल कमी झाली असती.

म्हणून भावाबद्दलची तयारी आज करा, बातमी आल्यावर नाही. त्याला पाच गोष्टी मराठीत लिहून पाठवायला सांगा आणि कागद देवळीजवळ चिकटवा: प्रांत, शहर आणि वस्तीचं नाव जसं बातमीत येतं तसं, राहायची खोली आणि कारखाना समुद्रापासून किती लांब, दोन्ही ठिकाणं समुद्रसपाटीपासून किती मीटर उंच, पळून जायची ठरलेली जागा कोणती, आणि कारखान्यातल्या किंवा त्याला नेणाऱ्या एजन्सीतल्या एका माणसाचा नंबर. जपानमध्ये प्रत्येक नगरपालिका पुराचा आणि सुनामीचा नकाशा छापते, त्यावर ही उंची असते. सेंदाईच्या सपाट भागात २०११ ला पाणी पाच किलोमीटरपर्यंत आत गेलं होतं, तर डोंगराळ किनाऱ्यावर शंभर-दोनशे मीटर चढलेला माणूसही वाचला. त्यामुळे ‘किनाऱ्यापासून दोन किलोमीटर आहे’ एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. सपाट जागेवर दोन किलोमीटर काहीच नाहीत, टेकडीवर तेच पुष्कळ आहेत.

फोन न लागणं हे वाईट बातमीचं लक्षण नाही. मोठ्या आपत्तीत जपानच्या कंपन्या साधे कॉल मुद्दाम रोखतात, म्हणजे रुग्णवाहिका आणि अग्निशमनाला लाइन मोकळी राहते. शिवाय टेकडीवर आठ-दहा तास बसलेल्या माणसाची बॅटरी संपते. तुम्ही घरून दर पाच मिनिटांनी कॉल केला तर त्याची उरलेली बॅटरी तुम्हीच संपवता. एकच लिखित मेसेज टाका: ‘वर गेलास का, फक्त हो लिही.’ लिखित मेसेज कमी जागेत, रांगेत थांबून का होईना, जातो. घरातल्या एकाच माणसाने संपर्क ठेवायचा आणि बाकीच्या नातेवाइकांनी त्याला विचारायचं. आत्या, मामा, मित्र असे वीस जण एकाच वेळी त्याला फोन करतात, तेव्हा कोणाचाच लागत नाही.

जपानमध्ये १७१ ही आपत्तीतली निरोप-सेवा आहे. तिथला माणूस १७१ लावून आपल्या नंबरावर तीस सेकंदांचा निरोप ठेवतो. भारतातून १७१ लागत नाही, पण तिचं इंटरनेटवरचं रूप ‘वेब १७१’ बाहेरूनही उघडतं, तिथे त्याचा नंबर टाकला की लिहिलेला निरोप दिसतो. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला ही सेवा सरावासाठी खुली असते. पुढच्या १ तारखेला दोघांनी एकदा करून बघा. आपत्तीत तिथे ‘पाच शून्य जपान’ (00000JAPAN) नावाचं फुकट वायफाय उघडतात. त्याला पासवर्ड नसतो, म्हणून त्यावरून निरोप पाठवायचा, बँकेचं काम करायचं नाही. चोवीस तासांत काहीच कळलं नाही तर टोकियोच्या भारतीय दूतावासाच्या हेल्पलाइनला कळवायचं. तेव्हा पासपोर्ट नंबर लागतो, तोही त्याच कागदावर असू द्या.

मृतांच्या आकड्याबद्दल एवढंच, की पहिल्या रात्रीचा आकडा खरा नसतो. ज्या गावातून आकडा आलाच नाही तिथेच जास्त नुकसान असतं. ‘बेपत्ता’ आणि ‘संपर्क नाही’ यांतही फरक आहे. १ जानेवारी २०२४ च्या जपानमधल्या नोतो भूकंपानंतर संपर्क नसलेल्यांची नावं प्रांत सरकारने जाहीर केली आणि माणसं सापडत गेली तशी ती यादी आखूडत गेली. व्हिडिओंचं म्हणाल तर शेतांवरून काळं पाणी सरकत येतंय आणि त्यात घरं जळत वाहताहेत, तो जवळजवळ नेहमी २०११ चा असतो. आता तर मशीनने बनवलेलेही येतात. व्हिडिओत तारीख, ठिकाण आणि मूळ चॅनेल नसेल तर मायला दाखवू नका.

आता गावाकडे. कामचटकाचा भूकंप आणि आपला भूकंप यांचा संबंध नाही. तिथे पॅसिफिकचा तळ आशियाच्या कडेखाली घुसतो. आपल्याकडे जुन्या कठीण जमिनीतल्या भेगांवर हळूहळू ताण साठतो आणि कधीतरी सुटतो. विदर्भाचा बहुतेक भाग गेली अनेक वर्षं वापरात असलेल्या नकाशात कमी धोक्याच्या दुसऱ्या विभागात आहे, सातपुड्याकडचा काही भाग तिसऱ्यात. पण कमी धोका म्हणजे शून्य नव्हे. किल्लारी १९९३ च्या आधी सर्वांत कमी धोक्याच्या विभागातच होती. २१ मार्च २०२४ ला सकाळी ६.०८ ला हिंगोली जिल्ह्यात ४.५ चा धक्का बसला आणि दहा-अकरा मिनिटांनी ३.६ चा. १० जुलैला पुन्हा ४.५ चा. ४ डिसेंबर २०२४ ला तेलंगणातल्या मुलुगूचा ५.३ चा भूकंप गडचिरोली, चंद्रपूर, नागपूरपर्यंत जाणवला. म्हणजे अधूनमधून हलणार. कधी, हे कोणालाच आधी सांगता येत नाही. ‘आज रात्री दोन वाजता येणार’ असं वेळेसकट सांगणारा मेसेज त्या एका कारणानेच खोटा ठरतो, मग खाली नासाचं नाव असो की कलेक्टरसाहेबांचं.

एका धक्क्यानंतर लहान धक्के येतात हे मात्र खरं. ते पहिल्या दिवशी जास्त असतात आणि दिवसागणिक विरळ होतात. आधीपेक्षा मोठा धक्का नंतर येण्याची शक्यता साधारण विसांत एक. २०१६ ला जपानच्या कुमामोतोत तसं झालं, आधी ६.२ आणि अठ्ठावीस तासांनी ७.०. त्यामुळे भेगा पडलेल्या घरात पहिले दोन-तीन दिवस झोपू नये हे बरोबर. पण जुलैत अंगणात जमिनीवर अंथरूण टाकणं हाही धोकाच आहे. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यालाच चावतो. खाट, घट्ट खोचलेली मच्छरदाणी आणि उशाशी बॅटरी असेल तरच बाहेर झोपा, आणि खाट मातीच्या भिंतीपासून भिंतीच्या उंचीइतकी तरी लांब ठेवा. कुटाराच्या ढिगाजवळ नको.

इसापूरच्या धरणाबद्दल: ४.५ च्या धक्क्याने धरण फुटत नाही. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेला सहाच्या वरचा भूकंप धरणाच्या अगदी जवळ झाला, धरणाला भेगा पडल्या, पण ते उभं राहिलं आणि पुढे मजबूत केलं. धक्क्यानंतर धरणाची पाहणी पाटबंधारे खातं करतं, आणि पाणी सोडायचं असेल तर नदीकाठच्या गावांना तहसीलमार्फत कळवतात. खात्री करायची तर जिल्हा आपत्ती कक्षाला १०७७ वर फोन लावा. आणि सुनामीची भीती तर सोडूनच द्या, समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब आहे.

घराचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तुमचा सगळा वेळ मी तिकडे वळवायला सांगेन. धाब्याच्या छताचं वजन काढून बघा. एक चौरस मीटरवर एक फूट माती म्हणजे कोरडी असताना जवळजवळ ४८० किलो. दहा बाय बाराच्या खोलीवर पाच टनांहून जास्त, आणि पावसात भिजली की आणखी. दरवर्षी मृगाच्या आधी गळतीसाठी नवी माती चढवतात, जुनी कोणी काढत नाही, म्हणून तीस-चाळीस वर्षांत थर दीड-दोन फुटांवर जातो. हे वजन मातीत बसवलेल्या दगडांच्या भिंतींवर असतं. अशी भिंत बाहेरून एक दिसते, पण असते दोन पडद्यांची: आत एक, बाहेर एक, मध्ये चिपा आणि माती. हलली की दोन्ही पडद्या फाकतात, बाहेरची रस्त्यावर पडते, आतली खोलीत, आणि छत सरळ खाली बसतं. किल्लारीला हेच झालं.

पहिलं काम वजन उतरवणं. उन्हाळ्यात, मे संपायच्या आत, माती सहा ते आठ इंचांपर्यंत कमी करा. खाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरा, कडा वर वळवा, त्यावर चाळलेली पांढरी माती ठोकून बसवा आणि पन्हाळीकडे उतार द्या. माती दोन्ही बाजूंनी सारखी काढत जा. एका बाजूची आधी काढली तर जुनी मयाल (छत पेलणारं मुख्य आडवं लाकूड) एकीकडे कलते. काढलेली माती छतावरच एका कोपऱ्यात ढीग करून ठेवू नका, गडी हे हमखास करतात. माती निघाली की मयाल आणि फाटे वाळवीसाठी टोकून बघा, भिंतीत बसलेलं टोक आधी कुजतं.

दुसरं काम भिंतीच्या दोन पडद्या बांधणं. नवी भिंत असेल तर दर दोन फूट उंचीवर आणि दर चार फूट लांबीवर एक आरपार दगड हवा. जुन्या भिंतीत तोच परिणाम असा मिळवतात: दोन्हीकडून हळूहळू दगड मोकळे करून आरपार भोक पाडायचं, त्यात दोन्ही टोकांना आकडा केलेली ८ मिलिमीटरची सळई घालायची आणि काँक्रीट भरायचं. घणाचा वापर नाही, छोटी सब्बल पुरते. एका दिवसात एकाच भिंतीत शेजारी-शेजारी भोकं पाडू नका, एक आड एक घ्या. भिंतीचं पोट बाहेर आलं असेल तर हा उपाय चालत नाही. तो भाग टेकू लावून उतरवावा लागतो, आणि ते गवंड्याने जागेवर पाहूनच ठरवायचं.

टिनाचं घर असेल तर काम सोपं. २०२४ च्या धक्क्यानंतर प्रशासनाने टिनावरचे दगड काढायचं आवाहन केलं ते योग्यच होतं, कारण सकाळच्या साध्या धक्क्यातही दगड घसरून खाली झोपलेल्याच्या डोक्यात पडू शकतो. पण नुसते दगड काढले तर वैशाखातल्या वादळात टिन उडतं, आणि उडालेलं टिन माणूस कापतं. म्हणून आधी जे-हुक आणि वायसर लावून टिन खालच्या पाइपला बांधा, कडेच्या ओळीत एक आड एक नळीला हुक, आणि पाइप भिंतीत गाडलेल्या सळईला तारेने आवळा. मग दगड काढा. कवेलूच्या (कौलांच्या) घरात दारावरची कवेलू आधी सरकतात, तेवढ्या जागी खाली जाळी किंवा लाकडी पट्ट्या ठोका.

घरकुल मंजूर झालं असेल तर गवंड्याकडून एकच गोष्ट अडून करून घ्या: दारं-खिडक्यांच्या वरच्या बाजूने सगळ्या भिंतींवरून न तुटता फिरणारा काँक्रीटचा पट्टा. जाडी तीन इंच, लांबीभर दोन सळया, दर सहा इंचांवर ६ मिलिमीटरची कडी. कोपऱ्यात सळई कापून थांबवायची नाही, वळवून दुसऱ्या भिंतीत दीड-दोन फूट न्यायची. पट्टा फक्त दारावर टाकला तर त्याचा उपयोग दार झाकण्यापुरताच. सळई किती जाडीची हे खोलीच्या लांबीवर ठरतं, पंचायतीच्या इंजिनिअरकडून लिहून घ्या. दार कोपऱ्यापासून किमान दोन फूट दूर ठेवा.

हलत असताना पळायचं की बसायचं, हे घरावर अवलंबून आहे. भावाच्या काँक्रीटच्या इमारतीत त्याने टेबलाखाली बसून हलणं थांबेपर्यंत थांबायचं, मग समुद्राकाठी असेल तर लगेच वर चढायचं. तुमच्या धाब्याच्या घरात दार दोन-तीन पावलांवर असेल आणि बाहेर मोकळं अंगण असेल तर बाहेर पडा. बाहेर दोन दगडी भिंतींमधला अरुंद बोळ असेल तर बाहेर पडणं जास्त वाईट, तेव्हा आत खांबाजवळ किंवा भक्कम खाटेच्या आडोशाला डोकं झाकून बसा. कोणती खोली कशी हे आजच पायांनी मोजा आणि म्हाताऱ्यांच्या खाटा दाराजवळच्या, पातळ भिंतीच्या खोलीत हलवा. खाटेच्या वर माळ्यावर पितळी भांडी, पेट्या, धान्याची कोठी नको. दाराची कडी रात्री एका हाताने उघडेल अशी ठेवा. दोन अडसर आणि कुलूप असलेलं दार अंधारात उघडत नाही. बाहेर पडल्यावर गॅसचा रेग्युलेटर आणि विजेचा मेन बंद करायचा तो घर उभं आहे हे बघून, आणि ढोरं कोठ्यातून सोडायची ती दावं कापून, गाठ सोडत बसून नाही. कोयता दाराबाहेर टांगलेला असू द्या.

घराला भेगा पडल्या असतील तर प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि भेगेवर आडवी सिमेंटची पातळ टिकली लावा. टिकली फुटली तर भेग वाढते आहे. बारीक, केसासारखी भेग गिलाव्याची असते. बोट जाईल एवढी, कोपऱ्यातून उभी किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग असेल तर त्या खोलीत झोपू नका. फोटो काढून तलाठ्याकडे पंचनाम्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्या. गिलावा करून भेग बुजवल्यावर पंचनामा करायला आलेल्याला दाखवायला काही उरत नाही.